खोड की आजार

आमच्या लॅबमध्ये कवळ्या बनतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवतात, आम्ही त्यावरून प्लास्टरचे जबडे ओततो, त्यावर मेणात दात रचतो आणि शेवटी मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून कवळी परत पाठवतो. माणूस आम्हाला दिसत नाही. दिसतं ते त्याचं तोंड, पांढरं, उघडं, टेबलावर ठेवलेलं. नव्यानं कामाला लागलेल्यांना पहिले काही दिवस जेवण जात नाही. मग सवय होते. मला तर इतकी सवय झालीय की रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं तरी मी आधी दात बघते आणि मग कोण आहे ते बघते.

मी पॉलिशवाली. सगळ्यांच्या हातून फिरून कवळी शेवटी माझ्या मोटरवर येते, त्यामुळे कुणाचा हात कसा आहे हे मला कुणी सांगावं लागत नाही. मालकांचा हात सरळ आणि कंटाळवाणा. त्यांनी रचलेले सगळे दात एकाच माणसाचे वाटतात. आणि माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची ती धांदल.

धांदल हे तिचं खरं नाव नव्हे, हे काय सांगायला हवं? ती आली त्याच महिन्यात मालकांनी ते ठेवलं, आणि ते इतकं फिट बसलं की पुढं तीच फोन उचलून "धांदल बोलतेय" म्हणायला लागली. चाळिशी ओलांडलेली बाई. एक पाय खुर्चीवर मुडपून बसणार, मग दुसरा मुडपणार, मग उभी राहूनच काम करणार. मेणाची सुरी स्वतःच्या हातात धरून सगळ्या लॅबला ती शोधायला लावणार. प्लास्टरचा ब्रश चहाच्या कपात बुडवणं हा तर रोजचाच कार्यक्रम. एकदा तोच चहा प्यायली आणि म्हणाली, "काकू, आज चहा दाट झालाय ना?" मी पोट धरून हसले. तीही हसली, पण तिचं हसणं नेहमी असं असायचं की समोरचा हसतोय म्हणून आपणही हसून घ्यावं.

मात्र दात रचायला बसली की ही बाई गायब. हाक ऐकू यायची नाही, जेवायची वेळ कळायची नाही. एकदा मागच्या भिंतीजवळच्या वायरी जळून धूर झाला, आम्ही सगळे बाहेर पळालो आणि ही आत. मालकांनी दंडाला धरून ओढत आणली तर म्हणते, "सुळा बसायचा राहिलाय अजून." ती डॉक्टरांकडून पेशंटचा जुना फोटो मागवून घ्यायची. तरुणपणी पुढचा दात जरा तिरपा असेल तर कवळीतही तो जरा तिरपा. कवळी घालून आरशात बघताना पेशंट रडतात असं डॉक्टर सांगायचे. म्हणून तर मालक रोज तिच्या नावानं दातओठ खायचे आणि रोज तिला ठेवून घ्यायचे.

हे सुळ्याचं मी आधीच सांगून ठेवतेय, कारण पुढं हाच मुद्दा निघाला. जिला लक्ष देता येत नाही म्हणता, ती एका सुळ्यावर अख्खी सकाळ कशी बसते? सिस्टरांनी तर हा प्रश्न, पुढं ज्या डॉक्टरांकडे जावं लागलं, त्यांच्या तोंडावरच फेकला.

सिस्टर म्हणजे धांदलची आई. सगळी नोकरी मोठ्या इस्पितळात झाली, शेवटी मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या, पण गल्लीतले लहानथोर त्यांना सिस्टरच म्हणतात. ताठ बाई. अजूनही चादरीची टोकं इस्पितळातल्यासारखी घट्ट दुमडून खोचतात. नवरा लवकर गेला, रात्रपाळ्या करून एकटीनं मुलगी वाढवली. मुलीचं लग्न केलं, ते मोडलं. जावई वाईट नव्हता. संध्याकाळी घरी आल्यावर नळ बंद, गॅस बंद, दाराला कुलूप, एवढंच त्याला हवं होतं, आणि तेवढंच धांदलला जमत नव्हतं. ती आईकडे परत आली. दोन खोल्यांच्या त्या घरात एक खोली वॉर्डसारखी आणि दुसरी वादळ येऊन गेल्यासारखी. "हिच्या मागं आवरत फिरणं ही माझी दुसरी नोकरी," असं सिस्टर मला म्हणायच्या, "आणि हिला निवृत्ती नाही."

मायलेकी भांडायच्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. सिस्टर जळालेलं भांडं न बोलता घासायच्या आणि घासून झालं की धांदलला दिसेल असं ओट्यावर पालथं ठेवायच्या. त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की होती, की ही हे सगळं आपल्याला छळायला करते. मुद्दाम नाही, पण मुद्दाम केल्यासारखंच. आणि धांदलला जगात दुसरं काही नको होतं, आईचा हा समज तेवढा जावा असं वाटायचं. मला ती हे बोलून दाखवायची, तेही दहा विषय मधे आणून.

मग सिस्टरांचे उरलेसुरले दात काढावे लागले. हिरड्या भरून आल्यावर ठसे आमच्याच लॅबमध्ये आले आणि धांदल मालकांना म्हणाली, "आईची मी करणार." सगळं तिनंच केलं. आईचा युनिफॉर्ममधला जुना फोटो टेबलाला चिकटवला. मेणात रचलेले दात डॉक्टरांच्या दवाखान्यात सिस्टरांच्या तोंडात लावून बघितले, एकदम बरोबर. वेळही ठरलेली होती. इस्पितळातल्या जुन्या नर्सेसचा मेळावा होता, आणि सिस्टर व्यासपीठावर बोलणार होत्या. त्यांनी भाषण पाठ करून ठेवलं होतं.

आता इथं आमच्या कामातली एक गोष्ट सांगावी लागेल. मेणातले दात पितळी डब्यात प्लास्टरमध्ये गाडायचे, उकळतं पाणी ओतून मेण काढून टाकायचं. डब्याचे दोन भाग होतात. त्या दोन्ही भागांतल्या प्लास्टरवर ब्रशनं एक द्रव लावायचा, म्हणजे नंतर भरलेलं प्लास्टिक प्लास्टरला चिकटत नाही. मग प्लास्टिक भरून डबा पाण्यात हळूहळू शिजवायचा. द्रव लावायला जेमतेम मिनिट लागतं. धांदलनं एका भागाला लावला आणि फोन वाजला. एका डॉक्टरांना दाताची एक छटा हवी होती. ती कपाट उघडून बघायला गेली, तर कपाटात छटा इकडच्या तिकडे झालेल्या. तिनं त्या लावायला घेतल्या. संबंध कपाट लावलं, पिवळसर ते पांढरं, वरचे वेगळे, खालचे वेगळे, इतकं देखणं कपाट मी त्या लॅबमध्ये कधी बघितलं नव्हतं. परत आली, ब्रश ओला दिसला, आपण दोन्हीकडे लावून झालं असं तिला वाटलं, आणि तिनं प्लास्टिक भरलं.

दुसऱ्या दिवशी डबा उघडून प्लास्टर फोडलं तर कवळीचा आतला सगळा भाग प्लास्टर धरून बसलेला. मी मोटरला घासायचा दगड लावून बघितला, टोकदार सुरीनं खरवडून बघितलं. प्लास्टरबरोबर गुलाबी कपचे निघायला लागले. प्लास्टर फोडताना जबड्याचा साचाही तुटतो, म्हणजे पुन्हा ठशापासून सगळं करायचं.  मालक एरवी केवढे ओरडतात, त्या दिवशी फक्त टेबलावरचा फोटो बघितला आणि आत निघून गेले.

सिस्टर मेळाव्याला गेल्या नाहीत. मी त्या संध्याकाळी त्यांच्याकडे गेले तर तोंडावर रुमाल धरून त्यांनी दार उघडलं. धांदल आत पलंगाच्या कडेवर बसली होती. सिस्टर मला म्हणाल्या, "चुकून होतं म्हणते. चुकून नेहमी माझंच कसं होतं?" त्यांचं बोलणं बोळक्या तोंडातून फुसफुसत येत होतं. मला बिनदातांचं बोलणं चांगलं कळतं, धंद्याचा भाग आहे.

त्या दिवसानंतर धांदल थंड पडली. रडली नाही, चिडली नाही. लॅबमध्ये यायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. ब्रश चहात बुडला की काढून पुसायची आणि कप तसाच बाजूला ठेवायची. मी चिडवून बघितलं, तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की ते वाक्य मला पुन्हा म्हणावंसं वाटेना. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, आणि राग नेमका कुणाचा येतोय हे ठरवता येत नव्हतं.

ठसे पाठवणाऱ्या दंतवैद्यबाईंनी तिला एका मानसोपचाराच्या डॉक्टरांचं नाव दिलं. म्हणाल्या, एडीएचडी नावाचा प्रकार असतो, लक्ष टिकत नाही, जीव एका जागी ठरत नाही, मोठ्या माणसांतही असतो, दाखवून तर घे. मालकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "रोज नवी एबीसीडी काढतात. आमच्या वेळी याला एकच औषध होतं," आणि स्वतःचा पंजा उघडून दाखवला. आम्ही हसलो. धांदलही हसली, मी मघाशी सांगितलं तसं.

डॉक्टरांनी पहिल्या भेटीत तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे चाळिशीत सुरू होत नाही, असलं तर लहानपणापासून असतं, तेव्हा लहानपणी ज्यांनी तुम्हाला पाहिलंय त्यांना घेऊन या. म्हणजे सिस्टरांना. मला वाटलं त्या येणारच नाहीत. पण त्या लगेच तयार झाल्या. "येते की," म्हणाल्या, "त्यांनाही कळू दे एकदा." आणि मला म्हणाल्या, "तुम्हीही चला. माझं बोलणं त्यांना समजणार नाही."

अशी मी दुभाषी म्हणून तिथं गेले. खोली साधी, पाण्याचा जग, भिंतीवर घड्याळ, धांदलला बसायला गोल फिरणारी खुर्ची. सिस्टर सांगत होत्या, मी ते स्पष्ट करून म्हणत होते, डॉक्टर लिहून घेत होते. दूध आणायला पाठवली तर मांजराचं पिल्लू घेऊन आली, किटली दुकानातच. शाळेत दोन पायांत दोन वेगळे बूट. पेपर येत असून शेवटचं पान कोरं, कारण ते उलटायचंच राहिलं. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची नाही. नळ उघडा, दार उघडं. विणकाम, पेटी, टायपिंग, सगळं सुरू केलेलं आणि सगळं अर्ध्यावर. शिक्षा करून झाली, गोड बोलून झालं, देवदेव करून झालं, शेवटी हात टेकले. सिस्टरांना काहीही विसरायला झालेलं नव्हतं. त्या वाक्याला वाक्य जोडून मुलीवरचे आरोप सांगत होत्या आणि ते माझ्या तोंडून बाहेर पडत होते, आणि धांदल खुर्ची इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवत होती.

सांगून झाल्यावर सिस्टर मागं टेकल्या. आता डॉक्टर मुलीला चार शब्द सुनावतील अशी त्यांची खात्री होती.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही इतकं नीट सांगितलंत म्हणून माझं काम सोपं झालं. यालाच एडीएचडी म्हणतात."

सिस्टरांना काही क्षण समजेचना. मग त्या ताठ झाल्या. "रक्त तपासलंत?"

"रक्तात दिसत नाही."

"मग मेंदूचा फोटो?"

"फोटोवरूनही एका माणसाचं निदान करता येत नाही. विचारूनच करावं लागतं. किती आहे, केव्हापासून आहे, त्यानं आयुष्याचं काय झालं, यावरून."

"विसरतात तर सगळेच."

"हो. रेघ कुठं मारायची यावर आमच्यातही वाद आहेत. पण रक्तदाबाचीही रेघ माणसांनीच मारलीय, सिस्टर."

"रक्तदाब मोजता तरी येतो." बाईंनी आयुष्यभर तेच मोजलं होतं. "आणि ही दातांवर तासन्‌तास बसते, तेव्हा कुठं जातो हा आजार?"

डॉक्टर म्हणाले, लक्ष नसतंच असं नाही, ते कुठं लावायचं आणि कुठून काढायचं हे हातात नसतं. रस असला की सुटत नाही, नसला की धरत नाही.

"रस!" सिस्टरांचा आवाज चढला. मी जसंच्या तसं सांगितलं, "त्या म्हणतायत, मला काय बेडपॅन धुण्यात रस होता?"

डॉक्टर हसले नाहीत. "तुम्हाला जमत होतं. हिला जमत नाही."

"जमत नाही आणि करत नाही, हे तुम्हाला बाहेरून कसं कळतं?"

डॉक्टर म्हणाले, "नेहमी कळतंच असं नाही."

मला तो माणूस त्या उत्तरासाठी आवडला. थाप मारून मोकळं होणं सोपं होतं. पण सिस्टरांना तेवढं पुरलं. त्या उठल्या, पर्स काखेत घेतली. "म्हणजे खोड आहे," त्या म्हणाल्या. "आणि गोळ्या वगैरे घरात आलेल्या मला चालणार नाहीत. अशा गोळ्यांवरची माणसं मी वॉर्डात बघितलीत." डॉक्टर समजावायला लागले, ही गोळी वेगळी, मी लक्ष ठेवीन, पण त्या दारापर्यंत पोचल्या होत्या. धांदलची खुर्ची केव्हाच थांबली होती.

खाली उतरल्यावर सिस्टर पुढं गेल्या. धांदल मला म्हणाली, "काकू, मला आता बरं वाटायला हवं ना?"

"वाटत नाहीये?"

"काहीच वाटत नाहीये."

गोळ्या तिनं सुरू केल्या. पाकीट घरी नेण्याची सोय नव्हती, सिस्टर पडल्या मेट्रन, औषधाच्या पाकिटाचा कोपरा दिसला तरी ओळखतील. म्हणून ते माझ्या कपाटात राहायचं, पॉलिशच्या पावडरीमागं. सकाळी आली की माझ्याकडे हात पुढं करायची. सुरुवातीला तिचं तोंड कोरडं पडायचं, भूक मेली, डॉक्टरांनी मात्रा कमीजास्त करून बघितली. मी काही फार विश्वास ठेवून नव्हते. मालकांसारखं मला हे फॅड वाटत नव्हतं, पण एका गोळीनं माणूस बदलतो यावरही माझा भरवसा नव्हता.

माणूस बदलला नाही. छत्र्या ती अजूनही विसरायची. पण एका सकाळी तिनं मेणाची सुरी वापरली, पुसली आणि जागेवर ठेवली. मी मोटर बंद करून बघत राहिले. तिनं दुसरं काम हातात घेतलं, ते पुरं केलं. फोन वाजला, बोलली, आणि परत येऊन जिथं सोडलं होतं तिथूनच सुरुवात केली. दुपारी ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"काकू, तुमच्या सगळ्यांच्या डोक्यात असंच असतं का? रोज?"

"असं म्हणजे कसं?"

"एका वेळी एकच काहीतरी."

"बहुतेक वेळा."

"मला वाटायचं सगळ्यांच्या डोक्यात माझ्यासारखाच गोंगाट असतो," ती म्हणाली, "आणि तुम्ही लोक जास्त प्रयत्न करता."

 मी तिला बस म्हटलं. ती बसली, दोन्ही पाय खाली ठेवून. मला वाटलं आता रडेल, रडू दे बिचारीला. पण तिनं समोरच्या जबड्यांकडे बघत सगळं मोजून मापून सांगितलं, जणू शेजारणीची हकीकत. शाळा, नवरा, अर्धवट पेटी. "हे सगळं असं झालं नसतं का मग?" म्हणाली. मी म्हटलं, देव जाणे. म्हणाली, "रडायला यायला हवं, पण येत नाही," आणि कामाला लागली. मला मात्र आलं. मी मोटर सुरू केली, म्हणजे धुळीमुळं डोळे पुसतेय असं वाटावं.

घरही हळूहळू सुधारलं. गॅस बंद, नळ बंद, दुसरी खोलीसुद्धा चालण्यासारखी झाली. सिस्टर काही बोलल्या नाहीत. मात्र ओट्यावर पालथं भांडं दिसेनासं झालं, एवढं धांदलनं मला सांगितलं. मी म्हटलं, आता सांगून टाक आईला, की गोळी चालू आहे. ती म्हणाली, कवळी होऊ दे. कवळी हातात देऊन सांगते, म्हणजे ऐकेल. त्यावर तिनं सगळी भिस्त ठेवली होती. आईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं लहानपण, डॉक्टरांचं निदान, गोळीनं पडलेला फरक आणि हातात नीट झालेलं काम, एवढं सगळं समोर असल्यावर आई नाही कशी म्हणेल?

ठसे पुन्हा घेतले. दात पुन्हा रचले. डब्याच्या दोन्ही भागांना तिनं द्रव लावला, उजेडात धरून तिरपं करून बघितलं, एकदा मलाही दाखवलं. डबा मंद आचेवर शिजवला, त्याच पाण्यात निवू दिला. माझ्याकडे कवळी आली तेव्हा मला करायला फारसं काही उरलं नव्हतं. सिस्टरांच्या तरुणपणीच्या फोटोत वरच्या पुढच्या दोन दातांतला एक दुसऱ्यावर किंचित चढलेला होता, तसाच तो इथंही चढला होता. मी तिथं ब्रश अगदी हलका फिरवला.

दंतवैद्यबाईंनी दवाखान्यात कवळी बसवली, चावताना कुठं जास्त लागतंय ते कळायला निळा कागद चावायला देऊन बघितलं, एके ठिकाणी जरासं घासलं. मग हातात आरसा देऊन त्या शेजारच्या खोलीत दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. आम्ही तिघीच उरलो. सिस्टर आरशात बघत राहिल्या. ओठ मिटले, उघडले. गाल भरून आले होते, दहा वर्षं गळून पडल्यासारखी दिसत होती बाई. तो चढलेला दात त्यांना दिसला असावा. त्यांनी तिथं बोट लावलं.

"छान झालंय," त्या म्हणाल्या.

एकेक अक्षर स्वच्छ. धांदल खुर्चीच्या कडेवर पुढं सरकली. तिनं तोंड उघडलं, आता सांगणार होती.

"घरही नीट ठेवतेस हल्ली," सिस्टर म्हणाल्या. "बघतेय मी. बोलले नाही, पण बघतेय." त्यांनी आरसा मांडीवर ठेवला. "म्हणजे मनावर घेतलंस की जमतं तुला."

धांदल खुर्चीत पुन्हा मागं टेकली.

"मग इतकी वर्षं का गं घेतलं नाहीस?"

रागानं म्हणाल्या असत्या तर मी तोंड सोडलं असतं. पण त्या रागावल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या. रात्रपाळ्या करून आलेली, एकटी, दमलेली बाई, जळालेली भांडी घासणारी, मेळाव्याला न गेलेली. त्यांना उत्तर हवं होतं. डोळे पाण्यानं भरले होते. मुलीला जमत होतं आणि तिनं केलं नाही, याचा पुरावा आता त्यांच्या तोंडात बसला होता, मुलीनंच बनवलेला.

मी म्हणणार होते. "सिस्टर, ऐका," एवढं म्हटलंही. धांदलनं माझ्याकडे न बघता माझ्या हातावर हात ठेवला आणि दाबला.

"चुकलं, आई," ती म्हणाली.

सिस्टरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. कितीतरी वर्षांनी फिरवला असेल. "जाऊ दे. झालं ते झालं," म्हणाल्या, "आता सोडू नकोस म्हणजे झालं."

सिस्टरांना घरी सोडून आम्ही दोघी लॅबकडे चालत निघालो. मी तणतणत होते. पाकीट नेऊन आपटायला हवं होतंस त्यांच्यासमोर, मला का धरलंस, असं काय काय बोलत होते. ती शांत चालत होती. दुकानांसमोरच्या फुटपाथवर ती एकदम थांबली. मागून येणारे लोक आम्हाला वळसा घालून जायला लागले.

"काकू, खरं सांगा. मला आजार आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. "तू स्वतः बघितलंस की."

"हो," ती म्हणाली. दोन पावलं चालली. "पण आई म्हणते तसंही असू शकतं ना? म्हणजे गोळी घ्यायला लागल्यापासून मी मनावर पण घेतलंय."

मी जीव तोडून सांगितलं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते, डोक्यात एका वेळी एकच काहीतरी, असं ती स्वतः बोलली होती ते. ती मान डोलावत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, वाईटही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पावडरीमागून पाकीट काढून तिच्यापुढं धरलं. तिनं हात पुढं केला नाही. दोन्ही पाय खाली ठेवून, पाठ ताठ करून ती टेबलाशी बसली होती.

"राहू द्या आज," ती म्हणाली. "नुसतं मनावर घेऊन बघते."